पुठ्ठ्यावरचा बोर्ड

बटण त्यानेच दाबायचं असं सकाळीच ठरलं होतं. त्याने डाव्या हाताच्या अंगठ्याने ते दाबलं. कॅबिनेटच्या आतला पंखा झोपेत कूस बदलावी तेवढा हलला आणि थांबला. पडदा काळाच राहिला. त्याने पुन्हा दाबलं, पंख्याने पुन्हा तेवढीच कूस बदलली. नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम, सगळं नुकतंच पिशव्यांतून बाहेर आलेलं, अजून कारखान्याचा वास न गेलेलं, आणि सगळं ढिम्म. बायकोने मघापासून रोखून धरलेला श्वास सोडला. "हलला की पंखा. छान. होईल हं. आपल्याला काही घाई नाहीये," ती म्हणाली आणि तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात फिरला तसा तो खुर्चीत किंचित पुढे सरकला आणि त्याचा बोर्डाशी काही संबंध नव्हता. आजारपणाच्या आधी हीच बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली असती आणि म्हणाली असती, केलास ना उद्योग, तरी सांगत होते दुकानातून तयार मशीन आण, पण नाही, साहेबांना स्वतःच्या हाताने जोडायचंय, आता बस त्याच्याकडे बघत. तेवढं ऐकायला मिळालं असतं तर बोर्ड मेला तरी चाललं असतं, असं त्याला खरोखर वाटून गेलं.

ओरडणं हा तिचा हातखंडा होता. पुढच्या खोलीत तिचं पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायचं दुकान होतं. मशीनवर बसल्या बसल्या, पायडल न थांबवता, मान न वळवता ती आतल्या खोलीतल्या नवऱ्याची अशी काही हजेरी घ्यायची की माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक आपलं माप विसरायचं. ओला टॉवेल, उघडं राहिलेलं टोपण, तिच्या बहिणीला चुकीच्या दिवशी दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, काहीही चालायचं. तो आत घरांचे नकाशे काढत बसलेला असायचा. जिना, मोरी, खिडकीची उंची. तिच्या ओरडण्याच्या तालावर त्याच्या रेघा सरळ यायच्या, असं तो ऑफिसात सांगायचा आणि सगळे हसायचे. त्यात नुसता विनोद नव्हता. ज्या माणसाकडून अजून काही होऊ शकतं त्याच्यावरच माणूस ओरडतो. ज्याच्याकडून काही होण्याची आशा सुटली त्याच्याशी माणूस गोड बोलतो. हे त्याला तेव्हा कळलेलं नव्हतं, हॉस्पिटलात कळलं. शुद्धीवर आल्यावर उजवी बाजू दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी पडलेली होती. एक तरुण डॉक्टर समोर किल्ली धरून विचारत होते, हे काय आहे. त्याला त्या किल्लीचं सगळं ठाऊक होतं, तिचे दात, तिचा पितळेचा वास, खिशात ती कशी वाजते तेसुद्धा, फक्त तिचं नाव कुठल्या कुठे गेलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि भलताच एक आवाज बाहेर आला. तेव्हा पायाशी उभी असलेली ती म्हणाली, "किल्ली. त्याला माहीत आहे हो. किल्ली म्हणायचंय त्याला." आणि त्याच्याकडे बघून गोड हसली. त्या हसण्याने त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हापासून ती त्याची जीभ झाली होती. जीभच कशाला, हात, पाय, कठडा, काठी, सगळंच. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांड्या बसल्या, खुर्च्यांच्या पायांना रबर लागलं, टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने स्वतः शिवलेल्या छोट्या गाद्या बांधल्या. ती शिवणारी बाई. प्रत्येक शिवणीच्या टोकाला ती दुहेरी टीप मारायची, मग तो पडदा असो की पायपुसणं. एकेरी टिपेवर तिचा आयुष्यात कधी विश्वास बसला नाही. आता तिने सगळ्या घरालाच दुहेरी टीप मारली होती आणि मधे त्याला ठेवलं होतं. तो जिना चढला की शाब्बास. पेला धरला की शाब्बास. त्याने एखाद्या शब्दासाठी तोंड उघडलं की तो बाहेर येण्याआधीच तिचे ओठ हलू लागत, पाणी, चादर, खिडकी, उकडतंय, आणि शंभरातल्या नव्वद वेळा ती बरोबर असे. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी तिला हात जोडून सांगितलं होतं, "त्यांना वेळ द्या. शब्द तुम्ही नका पुरवू." ती हो हो म्हणायची. पण समोर माणूस बुडत असताना काठावर हाताची घडी घालून उभं राहणं तिला कुठून जमायचं. त्याला ते कळत होतं. किंबहुना रात्री तिचा थकलेला, किंचित उघड्या तोंडाचा चेहरा बघताना त्याला तिच्याबद्दल जे वाटायचं त्याला आभार हा शब्द फार तोकडा होता, आणि तोही त्याला उच्चारता आला नसता. ती नसती तर तो नसता. इतकी सरळ रेघ होती ती. आणि तरीही, इतकं सगळं मिळालेल्या माणसाने आणखी काही मागावं की नाही कोण जाणे, त्याला हवं होतं ते एवढंच, की तिने एकदा आपल्यावर चिडावं.

मशीनचं निमित्त तसं रास्त होतं. ऑफिसच्या साहेबांनी निरोप पाठवला होता, जमेल तेवढं घरून कर, सुरुवातीला नुसते जिने काढ. नकाशे काढायचा नवा प्रोग्रॅम जुन्या मशीनवर चालेना. मशीन आपलं आपण जोडायचं ही त्याची जुनी खोड. साहेबांनी पहिल्यांदा काँप्युटर आणले तेव्हा ऑफिसातले सगळे नकाशेवाले धास्तावले होते. हा मात्र सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याचं झाकण उघडून बसला होता. ज्याने आपली शाईची पेनं आणि ब्लेडं हिसकावून घेतली तो आतून दिसतो तरी कसा, एवढंच त्याला बघायचं होतं. आत बघितलं तर नकाशाच होता. रस्ते, चौक, वसाहती. तेव्हापासून घरातलं प्रत्येक मशीन त्यानेच जोडलं. यावेळी मात्र उजवा हात रुसलेला, म्हणून बोट त्याचं आणि हात तिचे, अशी वाटणी झाली होती. तो टॉर्च धरून दाखवायचा, ती बसवायची. आणि आता बोर्डापर्यंत वीज पोचत होती, पंखा हलत होता, पडद्यावर मात्र काही उमटत नव्हतं. यात स्वतःला बघायचा मोह कुणालाही झाला असता. त्यालाही झाला, दोनतीनदा झाला, आणि त्याने तो कुत्र्याला हाकलावं तसा हाकलून लावला. बोर्ड हा बोर्ड असतो. त्याला डोळ्यात पाणी आणून दुरुस्त करता येत नाही.

सुटे भाग जिथून आणले होते त्या दुकानदाराला तिने फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "मॅडम, रॅम काढून परत बसवा," दुकानदार म्हणाला. "कट्ट आवाज आला पाहिजे. साहेब आहेत ना तिथे? त्यांना द्या की फोन, त्यांना एका वाक्यात कळेल." तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो टॉर्च हातात घेऊन वीतभर अंतरावर बसला होता. "ते जरा बिझी आहेत," ती म्हणाली. दुकानदार म्हणाला, बरं बरं. नवऱ्याला हसूही आलं आणि रडूही आलं. इतका मोकळा माणूस त्या क्षणी अख्ख्या शहरात नसेल. पण ती त्याची अब्रू सांभाळत होती, आणि इतक्या झटक्यात, इतक्या सराईतपणे, की या काही महिन्यांत तिने अशी किती वेळा, कुणाकुणापुढे ती सांभाळली असेल याचा त्याला एकदम अंदाज आला. दूधवाला, बँक, त्याचे जुने मित्र. ते जरा बिझी आहेत. त्याने तिच्या मनगटाला हात लावला. ती म्हणाली, "पाणी हवंय?" त्याने मान हलवली, नको.

रॅम काढून बसवली. कट्ट आवाज आला. बटण, पंखा, कूस. एकच रॅम ठेवून पाहिली, मग तीच दुसऱ्या खाचेत. पॉवर सप्लायची जाड वायर उपसून पुन्हा दाबली. प्रोसेसरच्या डोक्याशी जाते ती छोटी चौकोनी वायर लोक नेमकी विसरतात, ती त्याने टॉर्चने दाखवली. ती तिने आधीच लावलेली होती, नुसती लावलेली नाही तर वर पट्टीने बांधलेली. बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढली, तेवढ्यात चहा झाला, चहा पिऊन ती परत लावली. तिची बोटं या कामात त्याच्यापेक्षा सरस होती, हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. सुईत दोरा ओवणारी बोटं. तर्जनीच्या पेराला, सुई टोचू नये म्हणून घालायच्या अंगुस्तानाचा जुना खड्डा पडलेला, तो नेमका टॉर्चच्या उजेडात येत होता. किती वर्षं या बोटांना आपण इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला वाटलं, आजारपणाचे उपकार मानायचे झालेच तर या एका गोष्टीसाठी मानावेत. आणि डाव्या हाताचेही मानावेत. त्या बिचाऱ्याला जन्मभर दुय्यम वागवलं, कागद दाबून धरायला ठेवलं, आणि पाळी आली तेव्हा त्याने एका शब्दाने मागचं काही काढलं नाही. आणि त्या अँब्युलन्सवाल्याचे. तो वाटेत म्हणाला होता, काका, डोळे उघडे ठेवा, मला एकट्याला गाडी चालवायला कंटाळा येतो. कुणाकुणाचे मानणार. आभारांची नुसती रांग लागली होती आणि दार बंद होतं.

शेवटी त्याने दोन्ही बाजूंना हात फिरवून खूण केली, सगळं बाहेर काढ. तिचा चेहरा पडला. एवढं बसवलेलं, बांधलेलं, सगळं? त्याने मान डोलावली. ही त्याची जुनी रीत. काही केल्या चालू होईना की भर घालायची नाही, कमी करत जायचं. ज्यावाचून चालणारच नाही तेवढंच ठेवायचं आणि उघड्यावर, पुठ्ठ्यावर मांडायचं. तिने एकेक स्क्रू काढून बशीत ठेवला, बोर्ड उचलून त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला. त्याला ना आधार, ना आवरण, नुसता टेबलावर, दोन गाद्या बांधलेल्या कोपऱ्यांच्या मधे. बटण तर कॅबिनेटला राहिलं. बटणाची वायर बोर्डावरच्या ज्या दोन काड्यांना लागते त्यांना त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरायला लागला तो थांबेचना. बारीक बीप ऐकू आला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर उमटली. तिने टाळ्या वाजवल्या. "शाब्बास," ती म्हणाली, आणि ते बोर्डाला होतं की त्याला होतं ते कळायला मार्ग नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला.

पण जीव तिथे फार वेळ राहिला नाही. बोर्ड पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवला, स्क्रू पिळले, बटण दाबलं, आणि पंख्याने कूस बदलली. आता ती उठली. "बोर्डच नासका आहे. मघाशी चाललं ते उगीच चाललं. मी जाते आणि बदलून आणते, दुकान बंद व्हायच्या आत. बघतेच कसा देत नाही ते. तू पड जरा, दमलायस." आणि ती कपडे बदलायला आत गेली. तिचा आवाज दुकानदारासाठी चढला होता. दुकानदाराचा त्याला चक्क हेवा वाटला.

पुठ्ठ्यावर चालतो आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, म्हणजे दुखणं बोर्डाचं नाही, बोर्ड ज्यावर टेकलाय त्याचं आहे. हे इतकं स्वच्छ त्याच्या डोक्यात उमटलं की बऱ्याच महिन्यांनी त्याला स्वतःचं डोकं ओळखीचं वाटलं. त्याने डाव्या हाताने स्क्रू काढायला घेतले. एक गादीवर पडला, एक जमिनीवर घरंगळत गेला, त्याने जाऊ दिला. बोर्ड कडेने वर उचलून तिरका टेकवला आणि त्याखाली टॉर्च धरली. कॅबिनेटच्या पत्र्यात ओळीने भोकं असतात. बोर्ड पत्र्याला चिकटू नये म्हणून भोकांमध्ये पितळेच्या छोट्या खुंट्या पिळायच्या, आणि बोर्ड त्यांच्यावर तोलायचा. पण बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खुंटी, बाकीची भोकं मोकळी सोडायची. हा नवा बोर्ड जुन्यापेक्षा आखूड होता. आणि इथे सगळी भोकं भरलेली होती. एकही रिकामं नव्हतं. बोर्डाच्या मधोमध, जिथे वर भोकाचा पत्ता नाही, तिथेही एक खुंटी ताठ उभी होती, अगदी घट्ट पिळलेली, आणि बोर्डाच्या पोटाला तिच्या टोकाने एक बारीक चकचकीत ओरखडा काढला होता. वीज सुटली की तिथून पत्र्यात उतरत होती, आणि बोर्ड शहाणा, स्वतःला वाचवण्यासाठी तत्क्षणी मान टाकत होता. परवा तो झोपला असताना तिने कॅबिनेट शिवणयंत्राच्या ब्रशने झाडून पुसून ठेवलं होतं. त्याला कौतुकाने दाखवलंही होतं. भोकं दिसली, बाजूच्या पुडीत खुंट्या दिसल्या. मग ती मोकळी ठेवते होय? बोर्ड हलला, पडला, त्याला कुठे लागलं म्हणजे? दुहेरी टीप.

त्याने खुंटी बोटांनी जोर लावून पिळून काढली. ती तळहातावर एवढीशी दिसली. आता ती खिशात टाकली की काम झालं. बोर्ड बसवायचा, चालू व्हायचा, तिने विचारलं तर एखादी वायर दाखवायची, ही सैल होती म्हणून. खोटंही बोलावं लागणार नव्हतं. मूग गिळून बसायची सोय आजाराने आयतीच करून दिली होती. जिने इतकं केलं तिला तिची चूक दाखवायची, आणि तीही ही चूक, यासारखा कृतघ्नपणा नाही. तो खरोखर खिशाकडे हात नेत होता. मग त्याचा हात थांबला. तिला दुखू नये म्हणून आपण तिच्यापासून लपवणार, तिला सांभाळून घेणार, तिच्याशी गोड वागणार. म्हणजे तिलाही आजारी ठरवणार. या घरात दोन रोगी आणि दोन नर्सा, आणि नवरा-बायको कुणीच नाही. त्याने मूठ मिटली ती तशीच टेबलावर ठेवली.

ती चपला घालून, पिशवी घेऊन बाहेर आली आणि बोर्ड उचलायला वाकली. त्याने डावी मूठ तिच्या वाटेत आडवी धरली. "काय रे? दमलास का? पाणी? बाथरूम? दुखतंय कुठे?" तो मान हलवत राहिला. तिचे ओठ पुढच्या शब्दासाठी हलू लागले. ते दिसू नयेत म्हणून त्याने डोळे मिटले आणि मूठ उघडून पंजा वर केला, तिच्यासमोर, थांब. खुंटी टणकन टेबलावर पडली. ती बोलत नव्हती. ती बोलत नाहीये, हे त्याला मिटल्या डोळ्यांनीही जाणवत होतं, किती जोर लावून बोलत नाहीये तेही. शब्द कुठेतरी होता. त्याने तो ओढला नाही, मागे नुसता उभा राहिला, आणि तो आला. "एक," तो म्हणाला. मग पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. "जास्त." आणि डोळे उघडून, बोर्डाचं पोट तिच्याकडे करून, ओरखड्यावर बोट ठेवून, "लागली."

तिने खुंटी उचलली. ओरखडा पाहिला, कॅबिनेटमधली भोकं पाहिली, पुन्हा ओरखडा पाहिला. शिवणकामातल्या माणसाला माप समजायला वेळ लागत नाही. "ही मी लावली," ती म्हणाली. त्याने डोकं हलवलं नाही, तो म्हणाला, "हो." ती मटकन खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि त्याला वाटलं, झालं, आता ही रडेल, आणि आपण आयुष्यातलं सगळ्यात नतद्रष्ट वाक्य तीन शब्दांत बोललो.

"आणि तू काय करत होतास?" ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण त्याला धार होती. "बोर्ड बसवताना टॉर्च कुणाच्या हातात होती? नाकासमोर होती ना ही? जन्म गेला तुझा भोकं आणि भिंती मोजण्यात, आणि तुला एवढी खुंटी दिसली नाही? मला काय स्वप्न पडणार होतं, कुठलं भोक कुणाचं ते? दिवसभर मला वाकवलंस, काढ, घाल, काढ, घाल. मी तिकडे त्या दुकानदाराशी भांडायला निघाले होते, त्याने मला वेड्यात काढलं असतं. आधी सांगायला काय झालं होतं तोंडाने?"

शेवटचा शब्द तिच्या कानांवर पडला आणि तिने तोंडावर हात ठेवला. डोळे मोठे झाले. ती खुर्चीतून पुढे झाली, माफी मागायला, हे तो ओळखून होता. पाठीवरून फिरणारा तो मऊ हात परत येऊ घातला होता. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हसायला लागली होती, उजवी जमेल तशी मागून येत होती. घाईघाईने त्याने पंजा पुन्हा वर केला. हा शब्द त्याला शोधावाच लागला नाही. तो तयारच होता, बहुतेक कित्येक महिने.

"अजून," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला कळलं नाही, मग कळलं, आणि मग तिच्या नाकपुड्या फुगल्या. "अजून?" ती म्हणाली. "अजून पाहिजे तुला? मग ऐक." आणि तिने चपला काढून भिरकावल्या, घरंगळलेला स्क्रू गुडघ्यांवर बसून शोधला, बोर्ड बसवला, आणि हे सगळं करताना एक क्षण तोंड बंद ठेवलं नाही. हॉस्पिटलातला जेवणाचा डबा त्याने दोनदा सांडला होता ते काढलं. व्यायामाच्या वेळी झोपेचं सोंग घेतो, ते आपल्याला कळत नाही असं त्याला वाटतं का, हे विचारलं. टेबलाच्या गाद्या नको होत्या तर पहिल्याच दिवशी ओढून का काढल्या नाहीस, डावा हात धडधाकट होता ना, हेही विचारलं, आणि बोलता बोलता स्वतःच त्यातली एक सोडून खिडकीत फेकली. मध्येच तिचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते दंडाला पुसलं आणि पुढे सुरू झाली, मी एकटी होते, कळतंय का तुला, मी किती एकटी होते. तो मान डोलावत होता. कळत होतं. इतके दिवस कळत होतं. शेवटचा स्क्रू पिळून ती त्याच्याकडे वळली, पडद्याकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून. त्याने अंगठा लांब करून बटण दाबलं. तिच्या खांद्यामागे पडदा उजळला आणि पांढरी अक्षरं भराभर वर चढू लागली. ती आता त्याच्या ओल्या टॉवेलावर आली होती. तिला मध्येच थांबवावं असं त्याला काही वाटेना.